बाल्कनीतलं कॉलेज

मी ज्या कॉलेजात शिकले त्याच्या सगळ्यांत मोठ्या वर्गाच्या दारावर 'बाल्कनी' असं लिहिलेलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत 'धूम्रपान करू नये' आणि त्याच्याही खाली 'आपली मुले सांभाळा'. संस्थेनं इमारत ताब्यात घेतली तेव्हा रंग समोरच्या भिंतीपुरताच पुरला, म्हणून आतल्या सूचना तशाच राहिल्या. पुढं आयुष्यभर मी बऱ्याच शिक्षणसंस्थांची बोधवाक्यं वाचली, संस्कृतातली, इंग्रजीतली, सूर्य आणि कमळ काढलेली. पण 'आपली मुले सांभाळा' याच्याइतकं प्रामाणिक बोधवाक्य मला कुठं आढळलं नाही.

आमचं कॉलेज म्हणजे खरं तर कॉलेजची शाखा. मूळ झाड कोल्हापुरातल्या राजारामपुरीत. तिथं तीन मजली इमारत, जिन्याला कठडा, कुंड्या, आणि कुंड्यांना पाणी घालायला वेगळा माणूस. शाखा आमच्याकडं, म्हणजे कोल्हापूर शहर जिथं संपत येतं आणि गगनबावड्याच्या रस्त्याला ऊस सुरू होतो तिथं. संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत, उद्घाटनाला म्हणाले, "ज्ञानगंगा आम्ही तुमच्या दारात आणून सोडली आहे." गंगा सोडली खरी, पण नळ जोडायचा राहून गेला. पिण्याचं पाणी शेवटपर्यंत रस्त्यापलीकडच्या गोठ्यातून यायचं आणि त्याला दुधाचा किंचित वास असायचा.

एका बंद पडलेल्या टॉकीजमध्ये कला आणि वाणिज्य शाखा भरायच्या. शेजारी एका डॉक्टरांचं जुनं प्रसूतिगृह होतं. डॉक्टर दवाखाना घेऊन राजारामपुरीला गेले. त्या काळी ज्याला म्हणून पाय होते ते सगळं राजारामपुरीलाच जात होतं. त्या प्रसूतिगृहात आमचं ऑफिस, स्टाफरूम आणि भूगोलाची प्रयोगशाळा. आणि रस्ता ओलांडला की एका अडत्याचं गुळाचं गोदाम, ते आमचं ग्रंथालय. पुस्तकांसाठी गुळाचं गोदाम निवडणारा माणूस एकतर कवी असला पाहिजे किंवा त्यानं आयुष्यात पुस्तक हातात धरलेलं नसलं पाहिजे. दादासाहेब कवी नव्हते. पावसाळ्यात फरशी पाझरायची, चपला चिकटायच्या, आणि मुंगळे इतिहासाच्या कपाटातून अर्थशास्त्राच्या कपाटाकडं शिस्तीत ओळ धरून जायचे. ग्रंथालयाचा नियमित वापर करणारे तेवढेच.

या टॉकीजशी माझं नातं कॉलेजच्या आधीचं होतं. माझे वडील, अब्बा, तिथं ऑपरेटर होते. वर मशीनच्या खोलीत उभं राहून त्यांनी वीसेक वर्षं सिनेमे दाखवले. टॉकीज बंद झाली तेव्हा संस्थेनं इमारत मशीनसकट आणि अब्बांसकट घेतली. दोघांपैकी एकाचाच उपयोग होता, म्हणून मशीन भंगारात गेलं आणि अब्बांना शिपाई म्हणून ठेवलं. अब्बांनी खाकी कपडे घातले, पण त्यांच्या डोक्यातली टॉकीज काही बंद झाली नाही. तास सुरू व्हायच्या आधी ते तीन घंटा द्यायचे, पहिली, दुसरी, तिसरी, मध्ये नेमकं अंतर ठेवून. मधल्या सुट्टीला 'मध्यंतर' म्हणायचे. तिसरी घंटा झाली की दारं ओढून घ्यायचे आणि उशिरा आलेल्या प्राध्यापकाला अंधाऱ्या बोळातून हाताला धरून जागेवर नेऊन सोडायचे. एकदा मी विचारलं, "अब्बा, कॉलेज बरं का टॉकीज?" तर म्हणाले, "टाकीत फिल्म तुटली की लोक शिव्या देत हुतं. हितं लेक्चर तुटलं की टाळ्या पडत्यात. हितलं पब्लिक चांगलं हाय."

आम्ही टॉकीजच्या मागच्याच दोन खोल्यांत राहायचो. घरात अर्धं दखनी आणि अर्धं कोल्हापुरी असं काहीतरी बोललं जायचं. इथं मी ते सगळं मराठीतच लिहिते आहे, नाहीतर अम्मीचे अर्धे टोमणे कळायचे नाहीत. आमच्या स्वयंपाकघराची भिंत म्हणजे पडद्यामागची भिंत. अम्मीनं टॉकीजमध्ये पाऊल न टाकता शेकडो सिनेमे ऐकले होते. तिचा स्वयंपाक त्यावर चालायचा. पहिल्या गाण्याला कांदा, मध्यंतराला डाळ, शेवटच्या मारामारीला भाकरी थापायला घ्यायची, म्हणजे सिनेमा सुटून अब्बा घरी येईस्तोवर पहिली भाकरी तव्यावरून उतरायची. कॉलेज आल्यावर त्याच भिंतीतून अर्थशास्त्र येऊ लागलं. दोन-तीन महिने ती गप्प राहून ऐकत होती. मग एकदा खर्डा वाटता वाटता म्हणाली, "मागणी वाढली की भाव वाढतो, हेच चाललंय सकाळपासनं. हे सांगायला माणूस ठेवलाय व्हय? मंडईतली बाई फुकट सांगती." वाणिज्यचे तास तिला बरे वाटायचे, कारण ते कमी आवाजात व्हायचे. मराठीचे सर कविता म्हणायला लागले की मात्र ती हातातलं काम थांबवायची. "ह्या माणसाला घरात कोण इचारत नसंल," असं एकदा म्हणाली, आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्यांना आमच्याकडून चहा जाऊ लागला.

मी दुसऱ्या वर्षाला होते. शाखेला तेव्हा दोनच वर्षांची परवानगी होती. तिसरं वर्ष करायचं तर राजारामपुरीला जायचं, दोन बस बदलून. आणि आमच्या घरात शिक्षणाचं अंतर मामूनं आखून दिलेलं होतं. मामू म्हणजे अम्मीचा थोरला भाऊ. त्याचं म्हणणं, "पोरगी पायानं चालत जाईल तिथवर शिकू दे. बशीत बसून शिकायचं काम न्हाय." त्यानं इचलकरंजीचं एक स्थळही हाताशी धरून ठेवलं होतं. मुलाचं म्हणणं काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही. माझं म्हणणं काय होतं ते त्याला कुणी सांगितलं नसावं. तेव्हा तिसऱ्या वर्षाला मान्यता मिळणं हा संस्थेच्या दृष्टीनं विस्ताराचा प्रश्न होता. माझ्या दृष्टीनं तो मी इचलकरंजीला केव्हा जाणार, याचा प्रश्न होता.

मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची समिती यायची होती. शाखेचे प्रमुख इंगवले सर. सज्जन माणूस, सतत घामेजलेला. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे पूर्वीची बाळंतिणींची तपासणीची खोली. सर त्याच उंच टेबलामागं बसायचे. म्हणाले, "रेहाना, समितीला कॉलेज तू दाखवायचंस. वक्तृत्वात तुझा पहिला नंबर आहे. तुझी वाणी शुद्ध आहे." शुद्ध वाणी म्हणजे मी 'हाय' ला 'आहे' म्हणायची आणि 'न्हाय' ला 'नाही'. एवढ्यावर मला दोन ढाली मिळाल्या होत्या. सरांनी मला चार पानी मजकूर दिला, पाठ करायला. त्यात आमच्या कॉलेजचं नव्यानं बारसं केलेलं होतं. मशीनची खोली 'दृक्श्राव्य विभाग' झाली होती. तिकीटखिडकी 'विद्यार्थी साहाय्य कक्ष'. टॉकीजच्या मागचा पत्र्याचा आडोसा, जिथं पूर्वी सोड्याच्या बाटल्या ठेवायचे, तो 'क्रीडा विभाग'. आणि अब्बा झाले होते 'ग्रंथालय परिचर'. हल्ली माझ्या भाचीची मुलगी मला फोनवर तिच्या कॉलेजचा व्हिडिओ पाठवते, कॅम्पस टूर म्हणे. ड्रोन वरून फिरतो, खाली हिरवळ, मागं संगीत. मी तो पाहून तिला विचारते, हिरवळ आपली आहे की भाड्याची? तिला वाटतं आजी थट्टा करते.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी राजारामपुरीहून टेम्पो आला. त्यात पुस्तकं. दोन वर्षं आम्ही 'पुस्तकं कधी येणार' म्हणून विचारत होतो आणि 'प्रक्रिया सुरू आहे' हे उत्तर ऐकत होतो. ती प्रक्रिया एका दुपारीत पूर्ण झाली. पुस्तकं परवा सकाळी त्याच टेम्पोनं परत जाणार होती. मी आणि शोभानं ती गोदामात लावली. शोभा माझी मैत्रीण, पलीकडच्या गोठ्याची मालकीण होण्याच्या बेतात असलेली, म्हणजे तिच्या वडलांच्या बारा म्हशी होत्या आणि दुसरं मूल नव्हतं. पुस्तकांवर मूळ कॉलेजचा शिक्का होता. सरांनी सांगितलं होतं, कपाटांना कुलूप लावायचं, काचेतून दिसली की पुरे, आणि किल्ली विचारली तर हरवली म्हणायचं.

त्या ढिगात एक ॲटलास होता. टेबलाएवढा. माझा विषय भूगोल, आणि दोन वर्षं मी भूगोल शिकले होते फळ्यावरच्या खडूच्या आकृत्यांवर. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका आमच्या फळ्यावर सारख्याच दिसायच्या. मी ॲटलास उघडला आणि उभ्या उभ्या पानं उलटत राहिले. समुद्र किती निळे निळे, प्रत्येक खोलीला वेगळा निळा. शोभा तोवर मुंगळे झाडत होती. ती म्हणाली, "ठेव ते. परवा जायचंय ते परत. गिऱ्हाईक ठरल्यालं वासरू असतंय न्हवं, त्याला आमी नाव सुदिक ठेवत न्हाई." मी ऐकलं नाही. अंधार पडायच्या आत मी सहा खंड पाहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात अम्मी समितीच्या जेवणाला लागली होती. भूगोलाच्या प्रयोगशाळेमागं प्रसूतिगृहाचं स्वयंपाकघर होतं तिथं मोठी भांडी गेली होती, पण मसाला ती घरीच भाजत होती. खोबऱ्याचा धूर भरलेला. अब्बा नवीन खाकी शर्ट घालून आरशापुढं उभे होते. छातीवर 'ग्रंथालय परिचर' असा बिल्ला. तो वाकडा लागला होता. तो सरळ करायच्या निमित्तानं मी जवळ गेले आणि म्हणाले, "अब्बा, आज त्यांच्यासमोर मला हाक मारू नका. रेहाना, पोरी, असलं काही नको. मी गाईड आहे."

आज मी या वाक्याला कारण शोधते. सरांनी तसं सांगितलं नव्हतं. समितीला कळलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. शुद्ध वाणीवाल्या मुलीचा बाप घंटा देतो हे त्या पाहुण्यांना कळू नये, एवढंच मला वाटत होतं. बाकी कारणं मी नंतर तयार केली. अब्बा म्हणाले, "बरं." आणि बिल्ला परत वाकडा झाला का ते पाहत राहिले.

समितीत तिघे. अध्यक्ष जाडजूड, प्रसन्न, गाडीतून उतरतानाच त्यांनी नाक वर करून वास घेतला. दुसरे एक सदस्य, ज्यांनी दिवसभरात एकच प्रश्न विचारला, तो स्वच्छतागृहाबद्दल होता. आणि तिसऱ्या एक मॅडम. सुती साडी, पायांत चपला जाड तळाच्या, हातात छोटी वही. त्या काही बोलत नव्हत्या आणि सारखं लिहीत होत्या, त्यामुळं इंगवले सरांचा घाम त्यांच्या दिशेनं जास्त वाहत होता.

पहिल्यांदा टॉकीज. मी सुरुवात केली, "हे आमचं मुख्य सभागृह, आसनक्षमता भरपूर..." मॅडमनी दारावरची पाटी वाचली. 'बाल्कनी'. वहीत काहीतरी लिहिलं. आत आदर्श तासाची तयारी होती. सर स्वतः अर्थशास्त्र शिकवणार होते. समितीला मधल्या रांगेत, चांगल्या खुर्च्यांवर बसवलं. अब्बांनी पहिली घंटा दिली. दुसरी दिली. तिसरी दिली, दारं ओढून घेतली, आणि वीस वर्षांची सवय, वरून सगळे दिवे घालवले.

मिट्ट काळोख. सर पडद्यापुढं कुठंतरी होते, त्यांचा "अहो... अहो..." असा आवाज येत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी खणखणीत शिट्टी मारली. अध्यक्ष घाबरून उठले असावेत, खुर्ची धाडकन आपटली. तेव्हा वरच्या खोलीच्या झरोक्यातून अब्बांचा शांत, पाहुणचाराचा आवाज आला, "पावणं, खाली बसून घ्या. सुरूच हुतंय आता." भिंतीपलीकडून अम्मीचं हसू मला स्पष्ट ऐकू आलं. आणि त्या अंधारात आणखी कुणीतरी हसलं, बाईचा आवाज, आखडता घेतलेला. दिवे लागले तेव्हा मॅडम रुमालानं चष्मा पुसत होत्या.

मग प्रसूतिगृह. भूगोलाची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची बाळंतपणाची खोली, पांढऱ्या फरश्या थेट छातीपर्यंत. एका भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र थेट रंगवलेलं होतं, ते जाईना, म्हणून त्यावर भारताचा नकाशा टांगला होता. नकाशा थोडा आखूड पडला. कन्याकुमारीच्या खाली दोन गुलाबी पाय दिसत होते. मॅडम वाकून पाहत म्हणाल्या, "हे काय, श्रीलंका?" मला पाठ केलेल्या चार पानांत याचं उत्तर नव्हतं. नकाशाच्या टेबलाशी अभ्यास करत असल्याचं नाटक करायला शोभाला बसवलं होतं. तिला गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणून ती बोलली. "मॅडम, ह्या खोलीत माझा जन्म झालाय. ह्या कोपऱ्यात. आणि गेल्या साली भूगोलात नापास बी हितंच झालो." दुसरे सदस्य मनापासून "वा वा" म्हणाले.

एवढं होईपर्यंत मला वाटत होतं, निभावलं. अध्यक्षांचं लक्ष मागच्या स्वयंपाकघराकडं लागलं होतं. त्यांचा बेत आधी वेगळा होता. दुपारी जोतिबाचं दर्शन घ्यायचं म्हणून त्यांनी साधं जेवण सांगितलं होतं. पण पांढऱ्या रश्श्याचा वास प्रयोगशाळेपर्यंत आला तेव्हा ते सरांना म्हणाले, "जोतिबा काय, उद्याही डोंगरावरच असणार." सरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "आता एवढं ग्रंथालय पाहिलं की जेवायलाच बसू," ते म्हणाले.

आम्ही रस्ता ओलांडला. गोदामात गुळाचा जुना वास दाटला होता. कपाटं काचेची, आत पुस्तकं ओळीनं, शिक्के आतल्या बाजूला. अब्बा दाराशी हात मागं बांधून उभे. मी पाठ केलेलं म्हणू लागले, "विद्यार्थी रोज सरासरी दोन तास इथं वाचन करतात..." माझी चप्पल फरशीला चिकटून चर्रकन आवाज आला. मॅडम कपाटापाशी गेल्या. "हे उघडता का?"

सर म्हणाले, "किल्ली..." आणि माझ्याकडं पाहिलं.

"किल्ली हरवली आहे," मी म्हणाले. स्पष्ट, शुद्ध, वक्तृत्वाच्या आवाजात.

मॅडमनी अब्बांकडं पाहिलं. अब्बांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, टॉकीजच्या काळापासूनचा, तो लपवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, "तुम्ही इथं काय करता?"

अब्बांनी बिल्ल्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मी ऑपरेटर हाय, मॅडम."

"ऑपरेटर?"

"म्हंजे आदी हुतो. आता शिपाई."

"आणि ही मुलगी सांगते ते खरं आहे? किल्ली हरवलीय?"

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते माझ्या डोक्यावरून, मागच्या भिंतीवर पाहत होते. "त्या कालेजच्या विद्यार्थिनी हैत, मॅडम," ते म्हणाले. "त्या म्हंत्यात तर हरवली असंल."

त्या. हैत. माझ्या बापानं मला अहोजाहो केलं. सकाळी मागितलं होतं त्याहून जास्त दिलं. मागितलं तेव्हा मला वाटलं नव्हतं की ते ऐकायला इतकं घाण वाटेल. मी सकाळपासून सगळ्यांना दुसरी नावं दिली होती, तिकीटखिडकीला, आडोशाला, मशीनच्या खोलीला. आणि आता एक माणूस माझ्या समोर उभा राहून स्वतःच्या मुलीला परकं नाव देत होता, कारण मीच सांगितलं होतं.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणाले. "किल्ली त्यांच्याच कमरेला हाय. पुस्तकं काल आल्यात, उद्या परत जाणार हैत." माझी शुद्ध वाणी कुठं गेली ते मला कळलंच नाही.

सरांनी खुर्ची शोधली, ती नव्हती, म्हणून कपाटाला टेकले. अब्बांनी जुडगा काढला, किल्ली न चुकता पहिल्याच खेपेला लावली आणि दार उघडलं. मॅडमनी एक पुस्तक काढलं, शिक्का पाहिला, जागेवर ठेवलं. दुसरं काढलं. मग ॲटलासवर हात ठेवून मला विचारलं, "हा तू पाहिलास?"

"हो."

"कुठवर?"

"सहा खंड झाले. अंटार्क्टिका राहिलंय."

त्यांनी मला शाबासकी दिली नाही. खरं बोलल्याबद्दल काहीतरी दोन शब्द बोलतील असं मला वाटलं होतं. गोष्टींत तसं होतं. त्या वहीत लिहीत एवढंच म्हणाल्या, "मग राहू दे इथंच." आणि अध्यक्ष म्हणाले, "चला, रस्सा निवतोय."

जेवताना समितीनं रस्सा तीनदा मागून घेतला. अम्मी वाढत होती. तिला तोवर सगळं कळलं होतं, आमच्याकडं बातमी भिंतीतूनही जायची. ती माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, "इचलकरंजीला निरोप धाडू का, तयारी करा म्हणून?" मी रडायच्या बेतात होते. मग भाकरीची टोपली माझ्या हातात देत म्हणाली, "वाढ जा. जेवल्यालं माणूस वाईट लिहीत न्हाय."

अहवाल महिनाभरानं आला. मान्यता मिळाली होती, एका वर्षापुरती, आणि अटींसकट. पहिली अट अशी, की तपासणीच्या दिवशी ग्रंथालयात आढळलेली सर्व पुस्तकं शाखेतच कायम राहावीत. राजारामपुरीत म्हणे फार आदळआपट झाली. पण यादी विद्यापीठाकडं गेलेली, मॅडमनी शेरा मारलेला. समितीच्या अध्यक्षांचा शेराही होता, 'शाखेचे वातावरण पोषक आहे'. ते कशाबद्दल होतं हे आम्हाला ठाऊक होतं. पुस्तकं राहिली. मुंगळ्यांना आता सोबत झाली.

संस्थेनं अब्बांना पत्र दिलं. त्यात 'आपल्या दीर्घ सेवेचा विचार करून' असं लिहिलेलं होतं, म्हणजे शिक्षा आहे हे पहिल्या ओळीतच कळलं. अब्बांची बदली राजारामपुरीला, मूळ कॉलेजच्या सायकल स्टँडवर. घरापासून पाच पावलांवर नोकरी होती ती आता शहराच्या दुसऱ्या टोकाला. मामू पत्र वाचून म्हणाला, "बघा, पोरगी शिकवल्याचा फायदा." अम्मी म्हणाली, "तू आधी चालत ये बघू हितवर, मग बोल." मामू रिक्षातून आला होता. इंगवले सर माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत. मग एक दिवस मी ऑफिसात हजेरीचं पुस्तक द्यायला गेले तेव्हा सर त्या उंच टेबलामागून म्हणाले, "मला सांगितलं ते मी तुला सांगितलं, पोरी. मी तरी काय करणार?" मी त्यांच्यावर रागावायचं ठरवलं होतं, पण त्या खोलीत त्या टेबलामागं बसलेल्या घामेजलेल्या माणसावर रागावता येईना.

तिसऱ्या वर्षाला आम्ही नऊजण होतो. घंटा द्यायला नवा शिपाई आला, तो एकच घंटा द्यायचा आणि मग चहाला जायचा. मी ॲटलास पुरा केला. मग परत पहिल्यापासून सुरू केला. अब्बा सकाळी सायकलवर निघायचे, संध्याकाळी यायचे. तिथलं काही सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "सायकली हैत. उभ्या असत्यात." मी माफी मागायची ठरवून त्यांच्याजवळ तीन-चारदा जाऊन बसले. दर वेळी त्यांनी मला काहीतरी आणायला पाठवलं, पाणी, अडकित्ता, चष्मा.

शेवटच्या वर्षाचं परीक्षा केंद्र राजारामपुरीत होतं. मामूनं परीक्षेपुरती बस माफ केली. पहिल्या पेपराला मी आणि शोभा एक तास आधी पोचलो. कठड्याचा जिना, कुंड्या, सगळं ऐकलं होतं तसं होतं. फाटकाशी मुलींचे घोळके, सगळ्यांच्या तोंडी शुद्ध वाणी. सायकल स्टँडवर अब्बा दोन्ही हातांनी सायकलींची रांग सरळ करत होते. त्यांनी मला पाहिलं आणि लगेच खाली बघून पुढची सायकल ओढली. त्यांना वाटलं असावं, इथं तर आणखीच ओळख नको.

मी फाटकातूनच ओरडले, "अब्बा!"

सगळे घोळके वळले. अब्बा वर बघेनात. मी परत ओरडले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. तेव्हा ते हात झटकत आले. "वरडतीस कशाला?" ते म्हणाले. "हितं परीक्षा हाय, बाजार न्हाय." शोभा म्हणाली, "चाचा, नंबर कुठं आलाय आमचा?" अब्बांनी खिशातून चिठोरं काढलं. दोघींचे नंबर त्यावर आदल्या संध्याकाळीच उतरून घेतलेले होते. शोभाला त्यांनी खालच्या मजल्यावर धाडलं. मला म्हणाले, "तुझा दुसरा मजला. खिडकीकडनं तिसरं बाक. एक पाय आखूड हुता त्याचा, डुगडुगत हुतं. सकाळी पुट्ठा घडी करून घातलाय खाली. सरकवू नगंस."

मी वर गेले. बाकाखाली वाकून पाहिलं. पुट्ठ्याची चार पदरी घडी, कडा कापून, पायाच्या मापाची. पेपर तीन तासांचा होता. बाक हललं नाही.